एका गुणाचा अणुबॉम्ब

माघ सरत आला की आमच्या पिंपळे गुरवात दोन गोष्टी एकदमच माजतात. पवनेवरची जलपर्णी आणि पोरांची घोकंपट्टी. नदी हिरवीगार होते, लांबून बघणाऱ्याला कुणाचं तरी गव्हाचं रान वाटावं. जवळ गेलं की नाकाला रुमाल लावावा लागतो. दिवस कलला की तिकडून डासांचे लोट उठतात आणि इकडं घराघरातून पोरांचे आवाज. कुणी व्याख्या म्हणतंय, कुणी सूत्रं, कुणी नुसतंच डोळे मिटून हलतंय. कडुलिंब पानं झाडत असतो. पिवळी पानं उघड्या पुस्तकावर पडतात, पोरं फुंकर मारून उडवतात आणि तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून धरतात.

मला हे दिवस पूर्वी आवडायचे. मी चौथीपर्यंत शिकलो. पुढं गावात शाळा नव्हती आणि बापाची बाहेर ठेवायची ऐपत नव्हती. त्यात लाजण्यासारखं काही नाही, माझं अक्षर आजही माझ्या मुलापेक्षा चांगलं आहे. पण शिकणाऱ्या पोरांचा आवाज कानावर पडला की बरं वाटायचं. दुसऱ्याच्या घरी भाकरी भाजल्याचा वास यावा आणि आपल्याही पोटाला आधार वाटावा, तसं. गेल्या सालापासून ते गेलं. आता हे आवाज सुरू झाले की छातीत कुणीतरी पाना आवळत बसल्यासारखं होतं.

कारण ते आवाज आता माझ्याच घरातून येतात. पुढच्या खोलीत सतरंजी अंथरलेली असते, भिंतीला फळा टेकवलेला, आणि माझी सून वंदना पोरांना इतिहास सांगते. सांगते कसली, लिहून देते. हे आयएमपी आहे, खूण करा. हे सोडा, हे येत नाही. मी दाराबाहेर खुर्ची टाकून बसतो. काल आतून तिचा आवाज आला. रिकाम्या जागा भरा. दुसऱ्या महायुद्धात जपानच्या टिंबटिंब आणि टिंबटिंब या शहरांवर अणुबॉम्ब टाकण्यात आले. एक गुण. पोरांनी एका सुरात दोन्ही नावं म्हटली. एसटीचा कंडक्टर पुढच्या दोन थांब्यांची नावं घेतो ना, त्या सुरात.

याच बाईनं गेल्या सालात त्या दोन गावांपायी नोकरी घालवली होती.

जपान मला वंदनाच्या आधीपासून ठाऊक आहे. मराठवाड्यातून आलो तेव्हा मी पिंपरीत हेल्परी केली. पुढं चाकणकडं, निघोज्याच्या बाजूला एक जपानी कंपनी उभी राहिली आणि तिथं मला प्रेसवर घेतलं. प्रेस म्हणजे पत्रा ठोकून त्याला आकार देणारं यंत्र, दोन मजली घराएवढं. गेटातून आत गेलं की भिंतीवर जपानी शब्द मराठी अक्षरांत लिहिलेले. सैरी म्हणजे नको ते काढा, सैतोन म्हणजे हवं ते जागेवर ठेवा, असे. आम्ही ते श्लोकासारखे पाठ केले. ढेकळं फोडून आलेली माणसं आम्ही, बूटसुद्धा रेषेत काढायला शिकलो. आतला रस्ता ओलांडायचा तर आधी उजवीकडं बोट करायचं, मग डावीकडं, आणि मोठ्यानं म्हणायचं, ठीक आहे. ती सवय हाडात गेली. आजही मी इथला चौक बोट करूनच ओलांडतो. रिक्षावाले हसतात. हसू देत. मी अजून धडधाकट आहे.

आणि एक सांगतो. बरीच वर्षं मला वाटत होतं की ती लढाई जपाननं जिंकली. मला एकट्याला नाही, आमच्या अख्ख्या लाइनला. ज्याची कंपनी, ज्याचा साहेब, ज्याचा नियम, त्यानंच लढाई मारलेली असणार. हरलेला माणूस दुसऱ्याच्या मुलखात येऊन बूट कसे काढावेत हे शिकवतो काय? इंग्रज इथं आला तो जिंकून आला होता. मग जपान वेगळा कसा? आमच्या या समजुतीत चूक कुठं होती ते मला अजूनही कुणी नीट सांगितलेलं नाही.

आमच्या लाइनला शिकवायला जो जपानी साहेब होता त्याचं आडनाव मोरी. आता मोरी म्हणजे आपल्याकडं काय ते सांगायला नको. एवढ्या मोठ्या माणसाला तोंडावर मोरी म्हणायला कुणाची जीभ रेटेना, म्हणून आम्ही त्याचा मोरे साहेब करून टाकला. त्यालाही ते चाललं. बारीक अंगाचा, कपाळावर टोपी ओढलेला, कधी आवाज न चढवणारा माणूस. पण नजर घारीची. लाइनच्या डोक्यावरून एक दोरी गेलेली असायची. काही चुकलं, काही वाकडं दिसलं, नुसता संशय आला तरी ती ओढायची. दिवा लागायचा, लाइन थांबायची, आणि ज्यानं त्यानं हात खाली सोडून आपल्या जागेवर गप्प उभं राहायचं. मोरे साहेबांनी दुभाषी मुलीकडून आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगितलेलं, ज्याचे हात थांबले तिथं काहीतरी बिघडलेलं असतं. विचारत बसू नका. दोरी ओढा.

श्रावणातली एक सकाळ. पहिली शिफ्ट नुकती लागली होती, बाहेर भुरभुर चालू होती, सगळ्यांच्या बुटांना लाल चिखल. मोरे साहेब आले ते लाइनच्या टोकाला थांबले. टोपी काढली. हात मांड्यांना चिकटवले, डोळे मिटले आणि तसेच उभे राहिले. माझ्या शेजारी बीडकडचा बालाजी होता, मिसरूड फुटलेला गडी. त्यानं साहेबाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "आबा, साहेबाला फिट आली वाटतं," म्हणाला आणि ओढली दोरी.

प्रेस शॉप गप्प झालं म्हणजे काय होतं ते आत राबलेल्यालाच कळेल. कानात ठोके उरतात आणि त्या ठोक्यांना काही काम नसतं. एकेक करून सगळी लाइन थांबली, मग शेजारची थांबली. नियमाप्रमाणं सगळ्यांनी हात खाली सोडले. छपरावर पावसाचा आवाज येतो हे त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. एवढी माणसं, एवढं लोखंड, आणि कुणी खोकत नव्हतं.

मोरे साहेबांनी डोळे उघडले तर समोर सगळी माणसं हात खाली सोडून उभी. त्यांचं तोंड कसं झालं ते मला सांगता येणार नाही. ते कमरेत वाकले. त्यांच्यात वाकतात तसंच, पण उठेचनात. मग आम्हीही वाकलो, दुसरं काय करणार. तेवढ्यात सुपरवायझर पळत आला, काय बिघाड, कुठं बिघाड. बालाजी म्हणाला, सापडला न्हाई.

नंतर साहेबांनी दुभाषी मुलीला आमच्याकडं पाठवलं. विचारलं, आज कोणता दिवस आहे ते तुम्हाला कुणी सांगितलं? लाइनवर सगळ्यांत थोरला मी. मी सांगितलं, आमाला म्हाईत हाय. म्हाईत कशाचं, काही नव्हतं. पण तिकडं तो माणूस डोळे पुसतोय आणि मी इकडं सांगू, की बालाजीला वाटलं तुम्हाला फिट आली? तसं सांगायचं काही कारण नव्हतं आणि आजही नाही.

चहाच्या वेळी त्या मुलीनं सगळं सांगितलं. आजच्या दिवशी साहेबांच्या गावावर तो बॉम्ब पडला होता. त्यांच्या आईची थोरली बहीण तेव्हा शाळेत होती. लढाईमुळं शाळेतल्या पोरांना कामाला लावलेलं, घरं पाडून रस्ते रुंद करायला, म्हणजे आग लागली तर पुढं पसरू नये. सकाळी डबा घेऊन वर्गाबरोबर गेली. पुढं तिचा डबा सापडला, पोरगी सापडली नाही. जपान ती लढाई हरला होता हे मला त्या चहाच्या वेळी कळलं. बालाजीनं त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला नाही. तसाच परत घेऊन गेला.

ही गोष्ट मी घरात पुष्कळदा सांगितली. मुलगा कंटाळायचा. वंदना लग्न होऊन आली आणि तिनं मात्र पहिल्यांदा ऐकली तेव्हा हातातलं लाटणं तसंच राहिलं, तव्यावर पोळी करपली. ती इतिहासाची. कासारवाडीच्या बाजूला एका हायस्कुलात तासिका तत्त्वावर शिकवायची, म्हणजे जेवढे तास तेवढा पगार, आणि पुढच्या वर्षी तास मिळतील न मिळतील. तरी तिची ऐट बघायची. साडीला पिन लावून, खडूचा डबा स्वतःचा घेऊन निघायची, जशी काही लढाईवर चाललीय. मला ते आवडायचं. आमच्या घराण्यात शिकवणारं कुणी नव्हतं.

गेल्या सालात हेच दिवस. नववीची परीक्षा तोंडावर आलेली. पुस्तकात महायुद्धानंतरच्या जगाचा धडा आहे, तो कधीच शिकवून झाला होता. हेडसरांनी सांगितलेलं की आता नवं काही काढू नका, आयएमपी घ्या आणि उजळणी करा. वंदना गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांच्या सावलीत पुस्तक घेऊन बसली होती. मी कुरडयांना राखण बसलो होतो. तिनं धडा उघडून माझ्यापुढं धरला.

"मामा, बॉम्बला यात दोन ओळी आहेत. या दोन ओळींत मी ती डब्याची पोरगी कुठं बसवू?"

मी म्हटलं, ओळी वाढव. मास्तरीण तू हायेस.

तिनं वाढवल्या. दुसऱ्या दिवशी पूर्ण तास घेतला. त्या गावातली सकाळ सांगितली, आपल्या इथल्यासारखीच. आभाळ निरभ्र, माणसं कामाच्या वाटेला लागलेली, ट्राम भरून चाललेल्या, नववीच्या वयाची पोरं रांगेनं डबे घेऊन निघालेली. मग पायरीवर बसलेल्या माणसाची नुसती सावली दगडावर उरली ते सांगितलं. मग मोरे साहेबांच्या मावशीचा डबा सांगितला. आणि शेवटी म्हणाली, आता सगळे उभे राहा, हात खाली, डोळे मिटा. पोरं उभी राहिली. तेवढ्यात लोणावळ्याकडची गाडी गेली आणि खिडक्यांची तावदानं थडथडली. ती गेल्यावर एकदम शांत झालं. वंदनानं हे मला नंतर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मामा, तेवढा वेळ मला वाटलं पोहोचलं.

मग तिनं विचारलं, मनात काय आलं ते सांगा.

पुढच्या बाकावरच्या हुशार पोरानं हात वर केला. म्हणाला, "मॅडम, बॉम्ब पडला म्हणूनच जपान एवढा पुढं गेला ना? पप्पांना कंपनीत ट्रेनिंगला तसंच सांगतात."

मागून कुणीतरी म्हणालं, "मग एक चाकणवर पण पाडा की. ट्रॅफिक तरी सुटेल."

वर्ग फुटला. पोरं बाकावर डोकी आपटून हसली आणि टाळ्या पडल्या. बराच वेळ पडल्या.

मी त्या पोरांना वाईट म्हणणार नाही. चाकणच्या चौकात ज्याचा बाप रोज अडकतो तो पोरगा दुसरं काय म्हणणार? आणि ट्रेनिंगच्या हॉलात मीही बसलेलो आहे. पडद्यावर आधी राखेचं गाव दाखवतात, मग लगेच चकाचक कारखाना. मधलं काही दाखवत नाहीत. मधे फार माणसं असतात, त्यांना दाखवायला वेळ लागत असेल. आम्हीसुद्धा पोरांना घरात म्हणत आलोच की, ठेच लागल्याबिगर माणूस शहाणा होत न्हाई, जपानकडं बघ. मीही म्हटलेलं आहे. पण मी ठेचेबद्दल बोलत होतो. गाव जळणं आणि ठेच लागणं यातला फरक ऐकणाऱ्याला कळू नये, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

वंदनानं टाळ्या थांबायची वाट बघितली. मग सगळ्यांना कागदाच्या चिठ्ठ्या दिल्या. म्हणाली, ठीक आहे. चाकण सुधारायचंय ना? मग त्यासाठी एका माणसाला मरावं लागेल. त्याचं नाव लिहा. ओळखीचं पाहिजे, रोज बघता त्यातलं.

आधी खुसखुस सुरू झाली. मित्रांनी मित्रांची नावं लिहिली, एकानं हेडसरांचं लिहिलं, एकानं शेजारच्या देशाचं. बऱ्याच जणांनी चिठ्ठी कोरी दिली. खिडकीकडच्या बाकावर ऋतुजा नावाची मुलगी बसायची. तिचा बाप निघोज्याला कामाला, आई शिवणकाम करते. तिनं बराच वेळ पेन धरून ठेवलं आणि मग स्वतःचं नाव लिहिलं. वंदनानं विचारलं, असं का गं? तर म्हणाली, दुसऱ्या कुणाचं लिहवेना.

त्या वर्गात धडा कळलेली ती एकटी. आणि तिच्यामुळंच सगळं गेलं.

आमच्या माणसांत जित्या माणसाचं नाव असं कागदावर लिहीत नाहीत. तिन्हीसांजेला कुणाला नावानं लांबून हाकसुद्धा मारत नाहीत. त्यात परीक्षेचे दिवस, घरोघरी लिंबू-मिरची ताजी बांधलेली, पोरांना पेपरला जाताना दही-साखर. त्या संध्याकाळी ज्या ज्या घरी ही गोष्ट गेली तिथं मीठ-मोहऱ्या उतरल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या गेटवर आया उभ्या. ऋतुजाची आई सगळ्यांत पुढं, केस नीट न विंचरता आलेली. ती भांडली नाही. हात पुढं करून एवढंच म्हणाली, "बाई, माझ्या लेकीनं तुमच्या कागदावर स्वतःला मारून टाकलंय. तो कागद मला परत द्या."

वंदनानं दिला. त्या बाईनं तो पदराच्या गाठीत बांधला आणि पाण्यात सोडायला पवनेवर गेली. मी त्या वेळी काठावरच्या देवळाच्या ओट्यावर बसलेलो, मी बघितलं. पाणी कुठंच दिसेना. सगळी जलपर्णी. तिनं चिठ्ठी टाकली ती एका पानावर अडकून राहिली. बाई खाली वाकून काटकीनं ढोसत होती, बुड म्हणत होती, आणि ती बुडत नव्हती. शेवटी ती तिथंच बसली आणि रडायला लागली. तिच्या रडण्यात खोटं काही नव्हतं. तिला लेकीचा जीव दिसत होता, त्या हिरव्या पानावर पांढरा. वंदनालाही वर्गात तेच दाखवायचं होतं. दोघी एकाच गोष्टीला घाबरलेल्या, आणि एकमेकींच्या समोर उभ्या.

शाळेत वंदनानं आयांची माफी मागितली. चिठ्ठ्या नको होत्या, म्हणाली. धडा चुकला असं मात्र म्हणाली नाही. कुणी तिला काढलं नाही. जूनमध्ये तासिकांचं वाटप झालं त्यात तिचं नाव नव्हतं, एवढंच.

मी हेडसरांना भेटायला गेलो. मुलगा म्हणाला होता जाऊ नका. गेलो. सर चांगला माणूस, उठून खुर्ची दिली, चहा मागवला. सगळं ऐकून घेतलं. मोरे साहेबांची गोष्टसुद्धा ऐकली, मधे फोन वाजला तो बंद केला. मग म्हणाले, "काका, बाई चांगल्या शिकवतात हे मला कळतं. पण पोरांना मार्क पाहिजेत आणि आयांना पोरं पाहिजेत. मी मधे उभा आहे."

मी म्हटलं, "मधे उभं राहिलं की दोरी ओढायची असती, सर."

त्यांना ते उमगलं नाही. त्यांच्या शाळेत दोरी नव्हती, घंटा होती, आणि ती तास संपला की वाजायची. मी चहा तसाच ठेवून आलो.

मी सकाळी कासारवाडीच्या स्टेशनापर्यंत पाय मोकळे करायला जातो. तिथं चहाच्या गाड्यावर चाकणच्या बसची वाट बघणारी पोरं असतात. पाठीला सॅक, सॅकेत डबा, हातात फोन. मधे काही दिवस फोनवर बातम्यांत लढाईच लढाई चालली होती. कुणाकडं किती बॉम्ब, कुणाचा केवढा, कुठपर्यंत जातो. क्रिकेटच्या सामन्यासारखं बोलत होती पोरं. एक जण म्हणाला, पाडून टाका राव एकदाचा, रोजची कटकट जाईल. मी त्याला म्हणालो, भावा, नंतर डबा सापडतो बरं का. तो म्हणाला, काय आजोबा? तेवढ्यात त्याची बस आली. दारात लटकत गेला. पाठीवर सॅक, सॅकेत डबा. ती बस वळणाआड जाईपर्यंत माझ्यानं तिथून हलवेना. म्हाताऱ्या माणसाच्या अंगात ओरडण्याएवढं बळ असतं, पण ओरडलेलं ऐकू जाईल असं ठिकाण नसतं.

दिवाळीनंतर वंदनानं घरी शिकवणी सुरू केली. सगळ्यांत आधी कोण आलं, तर ऋतुजाची आई. हातात पिशवी, पिशवीत शिवलेले दोन ब्लाउज, वंदनासाठी. उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहून म्हणाली, बाई, शिकवता तुम्हीच चांगलं, हे पोरगी रोज म्हणते. तिचं दहावीचं वर्ष आहे. पण फक्त परीक्षेचं शिकवा. वंदना म्हणाली, फक्त परीक्षेचं.

तिनं शब्द पाळला. मला वाटलं होतं चार दिवस पाळेल, मग तिची जुनी ओढ पुन्हा वर येईल. नाही आली. ती आता भरभर शिकवते, पोरांना मार्क मिळतात, गल्लीत तिचं नाव झालंय. साडीला पिन लावत नाही. खडूचा तो डबा मला माळ्यावर दिसला, झाकण गंजलेलं. एकदा ती पालक निवडत बसली होती तेव्हा मी विचारलं.

"पोरी, ती डब्याची पोरगी कुठं गेली?"

पालकाची देठं मोडता मोडता ती म्हणाली, "मामा, तिला गुण नाहीत."

मी शिकलेला असतो तर तिला उत्तर दिलं असतं. आणि उत्तर न येता गप्प बसायची माझी रीत नाही, म्हणून मला झोप लागेना, जेवण गोड लागेना. बॉम्ब पडला ते गाव मी पाहिलेलं नाही. पण एक माणूस माझ्यासमोर त्या गावासाठी वाकलेला मी पाहिला, आणि त्याला मी सांगितलं होतं, आमाला म्हाईत हाय. तो त्याच्या देशात परत गेला. तिकडं त्यानं कुणाला तरी सांगितलं असेल की हिंदुस्थानात एक गाव आहे, तिथल्या कामगारांना आपली पोरगी माहीत आहे. त्या माणसाच्या हिशेबी आम्ही अजून तिथंच हात खाली सोडून उभे असणार. बालाजी गेला गावाकडं, लाइनवर आता यंत्राचे हात आले. त्या सकाळचा इथं उरलेला मी एकटा. आणि माझ्याच घरात, माझ्याच सुनेच्या तोंडून, ती दोन्ही गावं टिंबटिंब झाली.

आता कालचं पुरं करतो. पोरांनी एका सुरात नावं म्हटली आणि वंदना उत्तर फळ्यावर लिहायला वळली. मी खुर्चीतून उठलो. दारात आलो. टोपी काढली, हात मांड्यांना लावले आणि उभा राहिलो. डोळे मिटले नाहीत. मला बघायचं होतं.

पोरांनी एकमेकांना ढोसलं. आजोबांना चक्कर आली वाटतं, असं कुणीतरी म्हणालं, पण उठलं कुणी नाही. कोपऱ्यात ऋतुजा बसली होती. दहावीची ती एकटीच, नववीच्या पोरांत बसून आपलं गाईड वाचते. हा प्रश्न तिच्या पेपरातसुद्धा नाही. तिनं माझ्याकडं बघितलं. गाईड मिटलं, मांडीवरचं बाजूला ठेवलं आणि उभी राहिली. हात खाली. तिला गेल्या सालचा तो वर्ग आठवला, की म्हातारं माणूस उभं आहे म्हणून ती उठली, ते मला माहीत नाही. बालाजीनंही कुठं कळून दोरी ओढली होती.

वंदना वळली. आधी तिनं मला बघितलं, मग तिला. खडू धरलेला हात वरच्या वर थांबला. बाहेर कडुलिंबाची पानं पत्र्यावर पडत होती, त्यांचा आवाज येत होता. मला वाटलं, थांबली. लाइन थांबली.

"ऋतुजा, बस खाली," वंदना म्हणाली. "पुढचा प्रश्न लिहून घ्या."

ऋतुजा बसली. मला बस म्हणायला वंदना वळली नाही. तिनं तोंड फळ्याकडं केलं, घसा साफ केला आणि सांगायला लागली. रिकाम्या जागा भरा. दुसऱ्या महायुद्धात जपानच्या टिंबटिंब आणि टिंबटिंब या शहरांवर.

तोच प्रश्न. तिच्या ध्यानात आलं नाही. मी दारात टोपी धरून उभा होतो आणि समोर सगळ्या माना खाली गेल्या होत्या. मॅडम, हा झालाय, असं एकही पोर म्हणालं नाही. सगळ्यांनी तो मुकाट्यानं दुसऱ्यांदा लिहून घेतला.